एडवर्ड लिअरची पेन्सिल : वरून शाई फिरवली नसती तर?

रानवाट

एडवर्ड लिअर म्हटलं की बहुतेकांना घुबड आणि मांजर होडीत बसून निघतात ती कविता आठवते, नाहीतर दाढीत पाखरांनी घरटी केलेला तो म्हातारा. मुलांसाठी लिहिणारा आणि चित्रंही स्वतःच काढणारा गमत्या माणूस, एवढीच त्याची ओळख आपल्यापर्यंत पोचली. तो स्वतःला मात्र शेवटपर्यंत निसर्गचित्रकार म्हणवत राहिला आणि पोटही मुख्यतः त्यावरच भरलं. १८४६ साली त्याचं विनोदी कवितांचं पहिलं पुस्तक आलं, तेही टोपणनावाने. त्याच वर्षी इटलीतल्या निसर्गदृश्यांचे दोन खंड मात्र खऱ्या नावाने निघाले. त्यातला पहिला पाहून राणी व्हिक्टोरियाने त्याला चित्रकला शिकवायला बोलावून घेतलं.

सध्या मी हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयातली त्याची लँडस्केप्स स्कॅनमध्ये पाहते आहे. साडेतीन हजारांच्या वर आहेत. पद्धत अशी : जागेवर बसून पेन्सिलने रेखाटन, त्यावरच ठिकाण, तारीख, बऱ्याचदा वेळसुद्धा, आणि रंगांच्या नोंदी. मग घरी परतल्यावर संध्याकाळी दिव्याच्या उजेडात त्याच रेघा सेपिया म्हणजे तपकिरी शाईने गिरवायच्या आणि हलके जलरंग द्यायचे.

माझं मत आहे की या शाईने नुकसान केलं. पेन्सिलच्या रेघेत हाताचा दाब दिसतो. जवळच्या खडकाला ती रुतलेली असते, लांबच्या डोंगराला जेमतेम टेकलेली. शाईने गिरवताना हा फरक पुसट होतो आणि मधली हवा निघून जाते. ज्या कागदांवर पेन्सिल तशीच राहिली आहे ते पाहताना आपण त्याच्या शेजारी बसलो आहोत असं वाटतं. शाईच्या चित्रांपाशी तसं होत नाही. तुम्हाला काय वाटतं?

कोरा_कागद

वाचतोय. या स्कॅनच्या यादीत बनारस आणि दार्जिलिंग दिसतंय. लिअर भारतात आला होता?

रानवाट

@कोरा_कागद, चांगला वर्षभर राहिला होता. नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईला उतरला, तेव्हा ६१ वर्षांचा होता. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक हा त्याचा जुना स्नेही, त्याच्याच आमंत्रणावरून आला. लखनौ, बनारस, कलकत्ता, दार्जिलिंग, आग्रा, दिल्ली, सिमला, पावसाळ्यात पुणे, मग हैदराबाद, मद्रास, महाबलीपुरम, उटी, मलबार किनारा, सिलोन. जानेवारी १८७५ मध्ये मुंबईहून परत. लहानमोठी मिळून ५६० चित्रं, वर नऊ छोट्या स्केचवह्या आणि चार रोजनिशीच्या वह्या, असा हिशेब त्याने स्वतःच एका पत्रात दिला आहे.

कलकत्त्यातल्या सरकारी वाड्यावरची धावपळ आणि मेजवान्या त्याला अजिबात मानवल्या नाहीत. त्या शहराला त्याने 'हसलफसाबाद' (इंग्रजी 'हसल' आणि 'फस', म्हणजे धावपळ-गडबडीचं गाव) असं नाव ठेवलं होतं.

पागोळी

हसलफसाबाद!! आता माझ्या ऑफिसला हेच नाव.

तिरपी_रेघ

धागा उत्तम, पण मूळ मताशी मी सहमत नाही.

शाई फिरवणं हा लिअरसाठी नंतर सुचलेला सोपस्कार नव्हता. पेन्सिलची रेघ मारतानाच त्याला ठाऊक असायचं की हिच्यावर शाई येणार आहे. म्हणून तर पेन्सिल इतकी मोकळी धावते. रेघ चुकली तर खोडत बसायची गरज नाही, शाईच्या वेळी योग्य ती निवडता येते. पहिल्या टप्प्यातलं स्वातंत्र्य दुसऱ्या टप्प्यामुळे मिळालेलं आहे. तुम्हाला जो ताजेपणा आवडतो तो शाईच्या भरवशावर आलेला आहे.

दुसरं कारण अगदी व्यवहाराचं. मऊ पेन्सिल घासली जाते. शेकडो कागद एकमेकांवर ठेवून घोड्यावरून, बोटीतून, आगगाडीतून न्यायचे. त्या प्रवासात लांबच्या डोंगराची 'जेमतेम टेकलेली' रेघ किती टिकणार? आणि हे कागद त्याचं भांडवल होतं. याच्यावरून पुढे वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांसाठी जलरंग आणि तैलरंग करायचे. रेघ पुसली गेली तर धंदाच बुडाला.

तिसरं, सेपिया शाई सगळीकडे एकाच दाटपणाची नाही. ती पातळ करून दूरच्या भागासाठी फिकी वापरलेली स्पष्ट दिसते. अंतर तिथेही आहे, झूम करून पाहा.

डोंगरयात्री

तिरपी_रेघ यांच्या पहिल्या मुद्द्याला +१.

त्याने कांचनजंगा काढली ती जानेवारी १८७४ मध्ये, दार्जिलिंगहून. कडाक्याच्या थंडीत. नॉर्थब्रुकसाठी तिचं मोठं तैलचित्र करायचं होतं. पर्वत पाहून तो भारावला, पण त्याच्याशी जवळीक काही वाटेना. फार लांबचा, फार देवासारखा, आणि मधल्या प्रचंड दऱ्या धुक्याने भरलेल्या, अशी त्याची तक्रार होती. मला हे मनापासून पटतं. हिमालय समोर असतो तेव्हा डोळा मोजमापच घेऊ शकत नाही. सह्याद्रीत एखादा कडा काढायचा तर पायथ्याचं झाड किंवा धनगराचा वाडा हाताशी असतो, त्यावरून उंची ठरते. तिथे मधलं काहीच नाही.

तैलचित्रात त्याने काय केलं पाहा. दोन्ही बाजूंना गर्द झाडी, नेचे, खाली छोटी माणसं, आणि त्या चौकटीतून वर एकदम बर्फ. म्हणजे मोजमापाची सोय स्वतःच उभी केली. पेन्सिलच्या कागदांवर मात्र शिखरांची कडा एका दमात ओढलेली आहे आणि खाली कागद बराचसा मोकळा. मला तीच जास्त खरी वाटते. तेव्हा अर्धा रानवाट यांच्याही बाजूने.

सडेतोड

चित्रं सुंदर आहेत, वाद नाही. पण एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. १८७३-७४ च्या त्याच हिवाळ्यात बिहार आणि बंगालवर दुष्काळाचं सावट होतं. लिअर त्याच पट्ट्यातून व्हाइसरॉयचा पाहुणा म्हणून फिरला. मी पाहिलेल्या चित्रांत ताडाची झाडं, घाट, देवळं, घुमट, हत्ती. माणसं बोटाच्या पेराएवढी, चेहरा नसलेली. पडकी इमारत रम्य, पण तिच्या सावलीत बसलेला माणूस म्हणजे फक्त रंगाचा एक ठिपका. तेव्हाच्या साहेबी चित्रकारांची ही ठरलेली नजर होती, आणि लिअरही तिच्यातूनच पाहतो. पेन्सिल की शाई हा वाद त्यानंतरचा.

इतिहासवेडा

@सडेतोड, दुष्काळाचा उल्लेख योग्य. फक्त एक जोड : त्या वेळी नॉर्थब्रुकच्या सरकारने ब्रह्मदेशातून तांदूळ आणून वेळेत वाटला आणि भूकबळी फार थोडे झाले. उलट 'फार खर्च केला' म्हणून त्याच्या सरकारवर टीका झाली. त्या टीकेचा धसका घेऊन १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात मदतकामांवरची मजुरी तोडली गेली, आणि आपल्या भागात काय झालं ते वेगळं सांगायला नको. बिहारचं काम पाहणारा रिचर्ड टेंपल हाच माणूस दोन्हीकडे होता. यावर स्वतंत्र धागा काढायला हवा.

संपादक_मंडळ

इतिहासवेडा, जरूर काढा. इथे चित्रांबद्दल बोलू या.

पागोळी

@सडेतोड, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही, पण लहान माणसांचं एक साधं कारणही आहे. लिअरला मनुष्याकृती काढणं जड जायचं. त्याचं शिक्षण असं झालंच नव्हतं. किशोरवयापासून पोटासाठी चित्रं विकायला लागला, विशीच्या आतच पोपटांच्या चित्रांचा मोठा ग्रंथ हाती घेतला, मग डर्बीच्या अर्लच्या खाजगी प्राणिसंग्रहातले पशुपक्षी. शरीररचनेचं रीतसर शिक्षण घ्यायचं म्हणून रॉयल अकॅडमीच्या शाळेत गेला तो ३७ व्या वर्षी. इंग्लंड, ग्रीस, अल्बानिया, इटली, कुठलंही चित्र घ्या, माणसं तेवढीच आहेत. भारतासाठी म्हणून त्याने त्यांना लहान केलेलं नाही.

मला त्या कागदांवरचं सगळ्यात जास्त आवडतं ते म्हणजे लिहिलेलं. डोंगराच्या उतारावर, पाण्यात, आभाळात, जिथे रंग भरायचा तिथेच रंगाचं नाव. इथे जांभळट, इथे फिकट पिवळा, इथे शेळ्या, इथे निवडुंग. आणि शब्दांची मोडतोड तीच, कवितेतली. खडकांना तो मजेत चुकीचं स्पेलिंग लिहितो, 'रॉक्स' शब्दाच्या शेवटी सरळ एक्स. भर उन्हात दगडावर बसून, घाम पुसत, ज्या कागदाकडे दुसरं कुणी पाहणारही नाही त्यावर हा माणूस स्वतःशी खेळतोय! मुलांसाठी लिहिणारा आणि डोंगर काढणारा ही दोन माणसं होती असं म्हणणाऱ्यांनी हे कागद पाहावेत.

सडेतोड

@पागोळी, सगळीकडे माणसं लहान आहेत हे मान्य. नजरेचा मुद्दा माझ्यापुरता उभाच आहे. पण नोंदींबद्दल जे लिहिलंत त्यामुळे आता परत जाऊन पाहणार.

खडूफळा

चित्रकला शिकवते, म्हणून शिकवण्याच्या बाजूने लिहिते.

लिअर उतारवयात इटलीच्या सॅन रेमोमध्ये स्थायिक झाला. तिथे शेजारी राहणारा ह्युबर्ट कॉन्ग्रीव्ह नावाचा मुलगा त्याच्याबरोबर स्केचिंगला जायचा. त्याने मोठेपणी लिहून ठेवलेली आठवण मी वर्गात दरवर्षी सांगते. चांगली जागा सापडली की लिअर खाली बसायचा, जॉर्जियोकडून कागदांचा ठोकळा घ्यायचा. मग चष्मा कपाळावर सरकवून, जवळच्या एकनळी दुर्बिणीतून समोरचं दृश्य कितीतरी मिनिटं नुसतं पाहत राहायचा. मग दुर्बीण बाजूला, चष्मा जागेवर, आणि डोंगररांग, गावं, पुढची जमीन असं सगळं भराभरा कागदावर उतरवायचा. मुलगा थक्क व्हायचा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत मुलं नेमकं उलटं करतात. कागद मिळाला की पहिल्याच मिनिटाला दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, खालून नदी. समोर खिडकीबाहेर खरा डोंगर असला तरी मान वर होत नाही. मी आता पेन्सिली गोळा करून घेते आणि सांगते, आधी पाहा. सुरुवातीला चुळबुळ होते. मग कुणीतरी म्हणतं, "बाई, डोंगराचा खालचा भाग वरच्यापेक्षा फिका आहे." हे एकदा दिसलं की हातात पेन्सिल द्यायची. त्यानंतरच्या रेघा वेगळ्याच असतात.

रानवाट, तुमच्या प्रश्नावर : मला वाटतं तुम्हाला जे आवडतं ते पेन्सिलमुळे आलेलं नाही. ते त्या आधीच्या पाहण्यामुळे आहे. शाई फिरवताना डोंगर समोर नसतो, समोर असतो फक्त कागद. फरक तिथे पडतो.

कोरा_कागद

खडूफळा, शेवटचा परिच्छेद वाचून धागा वाचल्याचं सार्थक झालं.

जॉर्जियो कोण?

खडूफळा

जॉर्जियो कोकाली. त्याचा नोकर, पण शब्द अपुरा आहे. कॉर्फूचा. १८५६ पासून १८८३ मध्ये जॉर्जियो वारला तोपर्यंत बरोबर. भारतातही होता, सिलोनमध्ये जुलाबाने फार आजारी पडला तेव्हा लिअरचं चित्रं काढण्यातलं लक्षच उडालं.

मिश्कील_मांजर

५६० चित्रांसाठी जॉर्जियोने किती पेन्सिली तासल्या असतील याचा विचार करतेय. त्याच्या नावाने पेन्सिलचा एखादा ब्रँड निघायला हवा होता.

पावसाळी

पुण्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. लिअर १८७४ च्या पावसाळ्यात पुण्यात अडकून पडला. उघड्यावर बसून चित्रं काढणाऱ्या माणसाला जुलैतलं पुणं म्हणजे सक्तीची सुटी. भारतीय शब्द मुद्दाम भलत्याच अर्थाने वापरणारी त्याची ती कमरबंदाची कविता याच जुलैत टाइम्स ऑफ इंडियात छापून आली. बाहेर पडता येईना तेव्हा दुसरा हात चालू झाला असावा, असं मला उगाच वाटतं.

मी स्वतः पावसाळ्यात बाहेर स्केचिंग करतो, त्यामुळे साहित्याबद्दल थोडं. दमट हवेत कागद मऊ पडतो. कडक पेन्सिल त्यात चर पाडते आणि ती रेघ नंतर कशानेही जात नाही. मऊ पेन्सिल एका ओढीत गडद उमटते, पण हाताची कड लागली की पसरते. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, वाळतच नाही, दुसरा थर दिला की पहिला उठून येतो. अशा हवेत जागेवर रंगवत बसण्यापेक्षा रंगाचं नाव लिहून पुढे जायचं हा लिअरचा मार्ग अतिशय शहाणपणाचा आहे. पावसाळ्यात प्रकाश दर पाच मिनिटांनी बदलतो. रंग कालवेपर्यंत समोरचा हिरवा काळा झालेला असतो. शब्द तेवढ्यात लिहून होतो.

आणि वेळ लिहायचीच. मी ही सवय त्याच्याकडून उचलली आहे. 'संध्याकाळ' पुरत नाही. पाच वाजताची आणि साडेसहाची सावली वेगळी पडते, आणि वर्षभराने चित्र रंगवायला घेतलं की हेच आठवत नाही.

डोंगरयात्री

@पावसाळी, अवांतर : कागद कुठला वापरता पावसात?

पावसाळी

@डोंगरयात्री, जाड, थोडा खरखरीत. गुळगुळीत कागद पावसात अजिबात नको. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, नाहीतर संपादक मंडळ येईल.

गोष्टीवेल्हाळ

लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, त्यामुळे इतका वेळ गप्प बसणं अवघड गेलं.

लिअरच्या कवितांमधली चित्रं उघडा. म्हातारा, म्हातारी, नाक, पक्षी. हात मागे फेकलेले, एक पाय हवेत. पाठीमागे काय आहे? बहुधा काहीच नाही. जमिनीची एखादी रेघ, फार तर एखादं झाड. आता लँडस्केप्स उघडा. दऱ्या, खडक, ऑलिव्हची झाडं, ढग, सगळं जागच्या जागी, आणि माणूस जवळजवळ नाही. एकाच हाताने एकीकडे जमीन नसलेली माणसं काढली आणि दुसरीकडे माणसं नसलेली जमीन. ही दोन जगं त्याने एका कागदावर क्वचितच येऊ दिली. सडेतोड यांना माणसं दिसत नाहीत, कारण ती सगळी कवितांमध्ये जाऊन नाचतायत!

पण रेघ एकच आहे. कवितेतल्या म्हाताऱ्याची पाठ तो न उचलता एका ओढीत काढतो. पेन्सिलच्या कागदांवर डोंगराची कडा तशीच आहे : डावीकडून निघाली, चढली, जरा थबकली, घसरली आणि कागदाबाहेर गेली. मुलांसाठी काढणाऱ्याला ही सवय लागतेच. मूल रेंगाळलेल्या रेघेवर थांबत नाही, पान उलटतं. माझा अनुभव असा की पेन्सिलमधलं पात्र जिवंत असतं, छपाईसाठी पक्कं करताना त्याची मान ताठ होते. दरवेळी होते. म्हणून मी आता कच्चं रेखाटन लाइट बॉक्सवर (खालून उजेड येणाऱ्या काचेवर) ठेवते, वरच्या कागदावर नवी रेघ तितक्याच वेगाने मारते, आणि जमली नाही तर कागद बदलते. गिरवत नाही. लिअर त्याच कागदावर गिरवायचा, म्हणून तिथे वेग हरवला. या बाबतीत मी ठामपणे रानवाट यांच्या बाजूने.

तिरपी_रेघ

@गोष्टीवेल्हाळ, जमीन नसलेली माणसं आणि माणसं नसलेली जमीन हे निरीक्षण फार आवडलं.

गिरवण्याबद्दल माझं उत्तर : मग तैलचित्रं पाहा. तिथे लिअर खरोखर अडखळतो. महिनोन्‌महिने घासायचा. त्यात स्वतःला कमी समजायचा, म्हणून चाळिशीत होल्मन हंटसारख्या वयाने पंधरा वर्षं लहान चित्रकाराकडून धडे घेतले आणि त्याला गमतीने 'डॅडी' म्हणू लागला. विकायचे जलरंग तर एकदा साठ-साठच्या घाण्याने केले. साठ कागद मांडायचे, सगळ्यांवर आधी एक रंग, मग सगळ्यांवर दुसरा. त्यांना त्याने 'टायरंट्स' म्हणजे जुलमी नाव दिलं, यावरून त्याला ते किती आवडत होतं ते कळतं. या सगळ्याच्या तुलनेत शाईने गिरवलेली रेखाटनं किती मोकळी आहेत! त्याच्या हयातीत मात्र उलटा न्याय होता. किंमत तैलचित्रांना, रेखाटनं कपाटात. त्याच्या मृत्यूनंतर ती मित्राकडे, फ्रँकलिन लशिंग्टनकडे गेली, आणि १९२९ मध्ये गठ्ठ्यांनी लिलावात निघाली. अमेरिकन संग्राहकांनी ती वेळीच उचलली, म्हणून आज हार्वर्डमध्ये एकत्र पाहता येतात.

इतिहासवेडा

एक जोड. लिअर मुंबईत होता तेव्हा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये लॉकवुड किपलिंग शिकवत होता, १८६५ ते १८७५. आपल्याकडे निसर्गचित्राचं रीतसर शिक्षण रुजत होतं तोच हा काळ. ही नोंद चित्रांचीच आहे, संपादक मंडळ.

संपादक_मंडळ

मान्य. :)

रानवाट

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तिरपी_रेघ, तुमच्या सांगण्यावरून झूम करून पाहिलं. लांबच्या भागात शाई फिकी आहे, हे खरं. पण त्याच चित्रांत अनेक ठिकाणी शाईची रेघ पेन्सिलच्या रेघेवरून न जाता किंचित बाजूने जाते, आणि दोन्ही दिसतात. तिथे मी थांबते. पेन्सिल सांगते की कडा इथे होती, शाई सांगते की नंतर आठवली ती इथे. खडूफळा म्हणाल्या तसं, पहिल्या वेळी डोंगर समोर होता. त्या दोन रेघांतून निवडायचं झालं तर मी पहिलीच घेईन, आणि गोष्टीवेल्हाळ सोबत आहेत म्हटल्यावर जरा जोरात सांगते.

तिरपी_रेघ

आणि मी दोन्ही घेईन. एक पुसली असती तर हा फरक तुम्हाला दिसलाच नसता.

कोरा_कागद

या स्कॅनसाठी खातं वगैरे काढावं लागतं का? मुलीला दाखवायचे आहेत. ती घुबड-मांजराची कविता पाठ म्हणते, आणि हाच माणूस हिमालयासमोर बसला होता हे तिला माहीत नाही.

रानवाट

काही लागत नाही, हार्वर्ड ग्रंथालयाच्या साइटवर उघडी आहेत. लिअरचं नाव आणि ठिकाण टाकून शोधा, तेव्हाच्या स्पेलिंगने. पुण्यासाठी 'पूना'. आणि मुलीला आधी चित्र दाखवा, मग त्यावरच्या नोंदी शोधायला सांगा. त्याचं मुद्दाम चुकवलेलं स्पेलिंग सापडलं की इथे येऊन लिहा.